एसएमपीएसला दोष देण्यापूर्वी : एक संवाद

संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू लागला किंवा आपोआप रिस्टार्ट होऊ लागला, की सर्वांत आधी संशय येतो तो त्याच्या वीजपुरवठा-संचावर, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट एसएमपीएस म्हणतात त्या पत्र्याच्या पेटीवर. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिच्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करणे आणि यंत्रावरचा भार कितीही झपाट्याने बदलला तरी हे तिन्ही दाब ठरलेल्या मर्यादेत राखणे, हे या पेटीचे काम असते. इंटेलने १९९५ साली पुढे आणलेल्या एटीएक्स मानकाच्या रचना-मार्गदर्शिकांनुसार ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाच टक्के कमी-जास्त अशी आहे; म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टची साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्टच्या दरम्यान असली पाहिजे. दाब या पट्ट्याच्या बाहेर गेला, किंवा पट्ट्यात राहूनही त्यात प्रमाणाबाहेर थरथर आली, तर वीजपुरवठा अस्थिर झाला असे म्हटले जाते.

ही अस्थिरता ओळखायची कशी, याविषयी जाणकारांमध्ये दोन मते आढळतात. मदरबोर्डवरचे सेन्सर वाचून त्यांचे आकडे पडद्यावर दाखवणारे निरीक्षण-सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ विंडोजवरचे एचडब्ल्यूइन्फो किंवा लिनक्सवरचे एलएम-सेन्सर्स, हे निदानाचे पहिले आणि बहुतेक वेळा पुरेसे साधन आहे, असे एक मत. पडद्यावरचा आकडा ही दाबाविषयीची ऐकीव माहिती आहे आणि तारेला मीटर लावल्याखेरीज मोजमाप झालेच नाही, असे दुसरे मत. पुढील संवादात पहिले मत एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणाऱ्या प्रशासिकेच्या तोंडी घातले आहे, आणि दुसरे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात उमेदवारी करून तयार झालेल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या. दोघांपुढे एकच यंत्र आहे असे धरले आहे: ६५० वॅटचा एसएमपीएस, ३२० वॅटपर्यंत वीज ओढणारे ग्राफिक कार्ड, आणि त्रिमितीय चित्रणाचे काम लावल्यावर कधी पाच मिनिटांनी तर कधी तासाभराने होणारा रिस्टार्ट.

प्रशासिका : काका, या यंत्राचा लॉग पाहा. नुसते सुरू असताना १२ व्होल्टची वाहिनी १२.०९६ दाखवते, काम लावताच १२.००० वर येते आणि पुढे ११.९०४ वर उतरते. भार वाढला की दाब उतरतो आणि उतरता उतरता यंत्र रिस्टार्ट होते. एसएमपीएस थकला आहे हे सांगायला आणखी काय हवे?

तंत्रज्ञ : मॅडम, या तीन आकड्यांमधले अंतर मोजून पाहा. प्रत्येक पायरी बरोबर ९६ मिलिव्होल्टची आहे. एसएमपीएसचा दाब असा पायरी-पायरीने उतरत नसतो. या पायऱ्या मोजणाऱ्या चिपच्या आहेत.

तंत्रज्ञांनी बोट ठेवले आहे ते नेमक्या जागी. मदरबोर्डवर सुपर आय-ओ नावाची एक लहानशी चिप असते. नुवोटॉन आणि आयटीई या कंपन्यांच्या चिपा बहुतेक बोर्डांवर दिसतात. पंख्यांचा वेग, तापमान आणि विद्युतदाब मोजण्याचे काम तिच्याकडे असते, पण १२ व्होल्ट थेट पेलण्याची तिची क्षमता नसते, म्हणून दोन रोधक जोडून तो दाब आधी विभागला जातो आणि साधारण १ व्होल्ट एवढाच तिच्यापर्यंत पोहोचवला जातो. नुवोटॉनच्या प्रचलित चिपांमध्ये हा दाब ८ मिलिव्होल्टच्या पटीत मोजला जातो. विभागणी बारास एक अशी असेल, तर चिपने मोजलेले १२६ एकक म्हणजे १.००८ व्होल्ट, आणि त्याला बाराने गुणले की पडद्यावर १२.०९६ उमटते, १२५ एककांचे १२.००० होतात आणि १२४ एककांचे ११.९०४. मधला कोणताही आकडा या सॉफ्टवेअरला दाखवताच येत नाही, त्यामुळे दशांशचिन्हापुढचे तीन अंक पाहून वाटणारी अचूकता तेथे मुळातच नसते. एलएम-सेन्सर्समध्ये तर गुणकाची सेटिंग फाइलमध्ये स्वतः लिहिली नाही, तर १२ व्होल्टची वाहिनी १.०१ व्होल्ट अशीच दिसते, आणि ते पाहून यंत्र मरणपंथाला लागल्याची समजूत होऊ शकते.

तंत्रज्ञ : शिवाय ते दोन रोधक एक-एक टक्का इकडेतिकडे असले, तरी आकड्यात ०.२ व्होल्टची चूक सहज येते. मानकाने मुभा दिली आहे ०.६ व्होल्टची, तिचा तिसरा हिस्सा तिथेच संपला. सॉफ्टवेअरला बोर्ड नीट ओळखता आला नाही, तर १२ च्या जागी ८ व्होल्टसुद्धा दिसतात. दाब खरोखर ८ व्होल्टवर आला असता, तर एसएमपीएसमधल्या न्यून-दाब संरक्षणाने यंत्र कधीच बंद केले असते आणि तो आकडा वाचायला पडदाही उरला नसता.

प्रशासिका : आकड्याची निरपेक्ष किंमत चुकीची असू शकते, हे मान्य. पण काटा खोटा असला तरी त्याच काट्यावर काल आणि आज तोललेल्या वजनातला फरक खोटा नसतो. रोधक तेच, चिप तीच, गुणकही तोच. मग भार नसतानाच्या आणि भार असतानाच्या वाचनात दोन पायऱ्यांची घट आली, तर ती घट खरीच मानली पाहिजे.

तंत्रज्ञ : घट खरी असेल, पण ती कुठे झाली हे तो सेन्सर सांगत नाही. तो बसलाय मदरबोर्डवर, आणि ग्राफिक कार्डाची बरीचशी वीज वेगळ्या केबलने परस्पर कार्डाकडे जाते. त्या वाटेवर काय घडते, ते बोर्डाला कळायचे कसे?

प्रशासिका : बोर्डाला कळत नाही, पण कार्डाला कळते. आजच्या मोठ्या कार्डांवर वीज आत येते तिथेच दाब आणि प्रवाह मोजणारे सेन्सर असतात आणि एचडब्ल्यूइन्फो तेही वाचते. याच लॉगमध्ये कार्डाच्या तोंडाशी असलेला दाब ११.९८ वरून ११.५२ पर्यंत उतरलेला आहे. बोर्डाने ०.१९ गमावले, कार्डाने ०.४६. एसएमपीएस एकच असताना दोन ठिकाणची घट एवढी वेगळी का?

निरीक्षण-सॉफ्टवेअरच्या बाजूने मांडता येण्याजोगा खरा युक्तिवाद येथून सुरू होतो, कारण एका सेन्सरचा एकटा आकडा दुबळा असला तरी दोन सेन्सरांच्या घटीतला फरक बरेच काही सांगतो. ३२० वॅटला १२ ने भागले तर सुमारे २७ ॲम्पिअर येतात, त्यांतले सुमारे साडेपाच ॲम्पिअरपर्यंत मदरबोर्डवरच्या खाचेतून मिळू शकतात आणि उरलेले २१ च्या आसपास केबलमधून जातात. बोर्ड आणि कार्ड यांच्या घटीतला फरक ०.२७ व्होल्टचा आहे, आणि ओहमच्या नियमाने त्याला २१ ने भागले की वाटेतला जादा रोध सुमारे १३ मिलिओहम निघतो. बोर्डाच्या वाचनात एका पायरीची अनिश्चितता धरावी लागत असल्याने या उत्तराला फार घट्ट धरून चालणार नाही. तरीही ते पेटीपेक्षा वाटेकडे, म्हणजे केबल आणि तिच्या टोकांच्या पिनांकडे अधिक बोट दाखवते. एकाच केबलला पुढे दोन तोंडे असतात आणि जोडणाऱ्याने दोन्ही तोंडे त्याच कार्डात खुपसलेली असतात, हे दृश्य उघडलेल्या कॅबिनेटमध्ये नेहमी दिसते. अशा वेळी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली आणल्या की प्रत्येकीवरचा प्रवाह निम्मा होतो. तोंडाचे प्लास्टिक पिवळसर किंवा करपलेले असेल, तर लॉग पाहण्याचीही गरज उरत नाही.

तंत्रज्ञ : केबलची गोष्ट पटली. पण मॅडम, ११.५२ सुद्धा मर्यादेच्या आतच आहे. एवढ्यावर यंत्र रिस्टार्ट व्हायला नको. मग होते का? तुमच्या लॉगची शेवटची ओळ वाचा.

प्रशासिका : शेवटच्या ओळीत सगळे ठीक आहे. कार्डाचा वीजवापर ३०० वॅट, तापमान ७१ अंश, दाब मर्यादेत.

तंत्रज्ञ : म्हणजे जे घडले ते त्या ओळीनंतर घडले. तुमचे सॉफ्टवेअर दोन सेकंदांतून एकदा डोळा उघडते. मधल्या काळात काय होऊन गेले, त्याचा त्याला पत्ता नाही.

या आक्षेपाचे वजन समजण्यासाठी काळाची परिमाणे शेजारी ठेवून पाहावी लागतात. एचडब्ल्यूइन्फो मूळ सेटिंगप्रमाणे दर २,००० मिलिसेकंदांनी वाचन घेते, तर ग्राफिक कार्डाच्या वीजवापरात येणाऱ्या क्षणिक उसळ्या मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांत, मोजाव्या लागतात. २०२० नंतर आलेल्या मोठ्या कार्डांच्या उसळ्या इतक्या तीव्र होत्या, की सरासरी वापर क्षमतेच्या आत असतानाही चांगले एसएमपीएस बंद पडू लागले, आणि २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सहन केला पाहिजे अशी अट घालण्यात आली. दोन सेकंदांच्या एका अंतरात अशा १०० मायक्रोसेकंदांचे वीस हजार तुकडे बसतात. त्यांतल्या नेमक्या एका तुकड्यावर सॉफ्टवेअरची नजर पडणे हा निव्वळ योगायोग ठरेल, आणि पडली तरी सुपर आय-ओ चिप इतक्या वेगाने मोजत नाही. ६५० वॅटच्या, जुन्या मानकाच्या पेटीवर सरासरी ५०० वॅटचा भार असताना कार्डाने क्षणभर दुप्पट वीज मागितली, तर अतिभार-संरक्षण जागे होऊन यंत्र बंद पडू शकते आणि लॉगमध्ये मात्र शेवटपर्यंत सारे आलबेल दिसते. या मुद्द्यावर तंत्रज्ञांची बाजू निर्विवाद वरचढ आहे.

मात्र त्यातून लॉग निरुपयोगी ठरतो असे नाही. सर्व दाब मर्यादेत असताना, तापमान वाढलेले नसताना आणि विंडोजने निळ्या पडद्याची कोणतीही नोंद न करता लॉग मध्येच तुटला असेल, तर ते तुटणे हाच एक पुरावा असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडते. तिच्या नावात पॉवर हा शब्द असल्याने अनेक जण ती एसएमपीएसच्या दोषाची पावती समजतात, पण यंत्र आधी नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती पुढच्या वेळी सुरू होताना लिहून ठेवते. बटण दाबून धरले किंवा यंत्र गोठून रीसेट करावे लागले तरी तीच नोंद होते. तिच्यातला बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला त्रुटी नोंदवण्याइतकीही सवड मिळाली नाही, असा माफक निष्कर्ष काढता येतो. बंद पडण्याची तऱ्हाही पाहावी लागते. यंत्र पूर्ण थंड पडले आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा लावल्याशिवाय सुरूच झाले नाही, तर एसएमपीएसच्या संरक्षण-यंत्रणेने कुलूप घातले असण्याची शक्यता मोठी असते. ते लगेच आपणहून सुरू झाले, तर सर्व दाब जागेवर असल्याचा निरोप देणारा पॉवर-गुड संकेत, जो २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या करड्या तारेवरून मदरबोर्डला मिळतो, क्षणभर हरपला असावा किंवा बोर्डानेच रीसेट घेतला असावा, असे मानून पुढे जावे लागते.

प्रशासिका : सॉफ्टवेअर आंधळे आहे म्हणता, पण तुमचा मल्टीमीटर तरी किती डोळस? तो सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि तोही सरासरीचा.

तंत्रज्ञ : बरोबर आहे. मल्टीमीटरने पिवळ्या तारेवरचा स्थिर दाब खात्रीने कळतो आणि बोर्डाचा सेन्सर किती खोटे बोलतो हे तपासता येते. उसळी आणि रिपल पकडायला ऑसिलोस्कोपच लागतो.

रिपल म्हणजे डीसी दाबावर चढलेली बारीक, वेगवान थरथर. रचना-मार्गदर्शिकेत १२ व्होल्टसाठी तिची कमाल मर्यादा शिखरापासून तळापर्यंत १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टसाठी ५० मिलिव्होल्ट दिली आहे; ती मोजताना ऑसिलोस्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर ठेवून मापनाच्या टोकाशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडावेत, असेही त्यात सांगितले आहे. पेटीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू कोरडे होत जातात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि रिपल वाढते. साधारण दहा अंश तापमान वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे, त्यामुळे धूळ भरलेला पंखा आणि बंद कपाटात कोंबलेले कॅबिनेट यांचा संबंध थेट या थरथरीशी पोहोचतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष कपॅसिटरांमुळे जगभर मदरबोर्ड निकामी झाले आणि डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० या मॉडेलचे नाव त्या संदर्भात विशेष गाजले, तेव्हा फुगलेली डोकी डोळ्यांनी तरी दिसत होती. बंद पेटीतल्या कपॅसिटरची झीज कोणत्याही निरीक्षण-सॉफ्टवेअरला दिसत नाही, कारण सरासरी दाब शेवटपर्यंत १२ च्या आसपासच राहतो.

प्रशासिका : ऑसिलोस्कोप किती दुकानांत असतो, काका? प्रत्यक्षात होते काय, तर एसएमपीएस काढायचा, दुसरा लावायचा, यंत्र दोन दिवस चालले की जुन्याला भंगारात टाकायचे. या अदलाबदलीत एका वेळी किती गोष्टी बदलतात? चोवीस पिनांचा कनेक्टर निघून पुन्हा बसतो, प्रोसेसरची केबल पुन्हा बसते, कार्डाची पुन्हा बसते, भिंतीतली पिनसुद्धा हलते. सैल संपर्क हे कारण असेल तर ते त्या हाताळणीनेच गेले, आणि चांगल्या एसएमपीएसवर नाहक ठपका बसला.

तंत्रज्ञ : खरे आहे. त्यासाठी जुना पुन्हा लावून पाहायचा असतो. बिघाड परत आला तर दोष जुन्याचा, नाही आला तर संपर्काचा. पण गिऱ्हाईक घाईत असते आणि ही तिसरी पायरी राहून जाते.

हा आक्षेप संपूर्ण संवादातला सर्वांत मोलाचा आहे, कारण प्रत्यक्ष मोजमापाचा आग्रह धरणाऱ्या बाजूची नित्याची पद्धत मुळात मोजमापच नसते. बदलून पाहणे हा एक प्रयोग आहे, आणि प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम तेथे सर्रास मोडला जातो. सॉफ्टवेअर एकाही कनेक्टरला हात न लावता निरीक्षण करते, आणि ही त्याची जमेची बाजू क्वचितच कोणी बोलून दाखवते.

काही दोष असेही असतात की ते मीटरपेक्षा लॉगमध्ये चटकन डोळ्यांत भरतात. स्वस्त आणि जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांचे नियमन एकत्रच केले जाते. दोघींसाठी एकच नियंत्रक असतो आणि तो दोघींचा मिळून मध्यम मार्ग काढतो. पूर्वीच्या संगणकांत ५ व्होल्टवर बराच भार असे, तेव्हा हे खपून जाई. आजच्या यंत्रांत जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर पडतो. ती वाहिनी दबली की नियंत्रक दोन्ही वर उचलतो आणि भार नसलेली ५ व्होल्टची वाहिनी विनाकारण चढते. लॉगचा आलेख काढला की एक रेघ खाली जाताना दुसरी त्याच क्षणी वर जाताना दिसते, आणि ही जोडगोळी एकदा ओळखता आली की आकड्यांच्या खरेखोटेपणाला फारसे महत्त्व राहत नाही. याच रचनेची उलटी अडचण २०१३ साली इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांबरोबर समोर आली. हे प्रोसेसर गाढ निद्रावस्थेत १२ व्होल्टवरून जेमतेम ०.०५ ॲम्पिअर घेऊ शकत, आणि एवढ्या नगण्य भारावर दाब सांभाळणे अनेक जुन्या पेट्यांना जमत नसे, त्यामुळे यंत्र कामात असताना नव्हे तर स्वस्थ बसलेले असताना बंद पडण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून लॉग घेताना निष्क्रिय काळही वगळता कामा नये.

तंत्रज्ञ : पण मॅडम, तुमचा लॉग फक्त पाहतो. पाहण्याने संशय वाढतो. खात्री होत नाही.

प्रशासिका : मग पाहणे थांबवून बदल करू. एनव्हिडियाच्या कार्डाबरोबर एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा मिळते. तिने कार्डाची वीजमर्यादा ३२० वरून २२० वॅटवर आणता येते, कार्डाने मुभा दिली असेल तेवढी. एकही केबल न हलवता, तेच काम, त्याच खोलीत, पुन्हा लावायचे. रिस्टार्ट थांबले तर वीजपुरवठ्यावरचा संशय पक्का होतो. मर्यादा परत वाढवल्यावर ते परत आले, तर तुमची तिसरी पायरीसुद्धा पूर्ण झाली.

तंत्रज्ञ : हे मात्र आवडले. पण वीज कमी झाली की कार्डही थंड राहते. दोष उष्णतेचा असेल तर?

प्रशासिका : त्यासाठी तापमानाचा लॉग आहे. मर्यादा मूळचीच ठेवून पंखे पूर्ण वेगाने चालवायचे आणि रिस्टार्टमध्ये काही फरक पडतो का ते पाहायचे.

वादाची दिशा येथे बदलते. निरीक्षण-सॉफ्टवेअरविषयीच्या बहुतेक चर्चा व्होल्टचा आकडा किती खरा याच्याभोवती फिरतात, वास्तविक व्होल्ट वाचणे हे या साधनांचे सर्वांत दुबळे अंग आहे. भार हवा तसा चढवणे-उतरवणे आणि प्रत्येक घटनेला वेळेचा शिक्का मारणे, या दोन कामांत त्यांची खरी ताकद आहे, आणि ती दुकानातल्या मीटरकडे नाही. प्राइम९५ लावून फक्त प्रोसेसर ताणता येतो, फरमार्क लावून फक्त ग्राफिक कार्ड, आणि ओसीसीटीमधली वीजचाचणी लावून दोन्ही एकदम. प्रोसेसर एकटा ताणल्यावर यंत्र पडत असेल आणि विंडोजमध्ये डब्ल्यूएचईए या नावाच्या हार्डवेअर-त्रुटी नोंदल्या जात असतील, तर एसएमपीएसआधी प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्डवरचा दाब-नियामक यांच्याकडे पाहिले पाहिजे. दोघे एकेकटे तासन्‌तास चालतात आणि एकत्र लावले की काही सेकंदांत यंत्र बंद होते, अशी स्थिती असेल तर एकूण वीज अपुरी पडत असल्याचा संशय बळावतो. सतत एकसारखा भार टाकणाऱ्या चाचणीत यंत्र तगते आणि भार क्षणाक्षणाला बदलणाऱ्या खेळात किंवा चित्रणात पडते, असे दिसले तर क्षणिक उसळ्यांकडे वळावे. व्हीकोर नावाने दिसणाऱ्या आकड्याचा मात्र येथे संबंध नाही. प्रोसेसरचा तो दाब १२ व्होल्टपासून मदरबोर्ड स्वतः तयार करतो, आणि भार वाढल्यावर तो थोडा उतरणे हे बहुधा रचनेतच योजलेले असते.

तंत्रज्ञ : आणखी एक विचारायचे राहिले. हे यंत्र भिंतीला जोडले आहे की यूपीएसला?

प्रशासिका : यूपीएसला. ६०० व्हीएचा आहे.

तंत्रज्ञ : मग एसएमपीएसआधी त्याच्याकडे बघू.

६०० व्हीए हा आकडा वॅटचा नाही. या वर्गातल्या बऱ्याच यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते, आणि ५०० वॅट ओढणारे यंत्र त्याला जोडलेले असेल तर वीज जाताच, लोडशेडिंगच्या दिवसांत तर वारंवार, अतिभाराने तो यूपीएसच मान टाकतो. क्षमता पुरेशी असली तरी वीज गेल्यापासून बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढा काळ एसएमपीएसला आपल्या कपॅसिटरांमधल्या साठ्यावर काढावा लागतो. एटीएक्सच्या जुन्या मार्गदर्शिकांत हा काळ किमान १६ मिलिसेकंद असावा असे म्हटले होते. भारतातल्या ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही तरतूद एका आवर्तनापेक्षाही कमी आहे, आणि झिजलेल्या पेटीत ती आणखी आखडते. घरातला इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर बदलाचा काळ बराच वाढतो आणि उत्तम एसएमपीएससुद्धा संगणकाला वाचवू शकत नाही. या सर्व प्रकारांत मदरबोर्डवरच्या सेन्सरांचा लॉग निर्दोष दिसतो. रिस्टार्टची वेळ आणि दिवे लुकलुकण्याची वेळ वहीत टिपून दोन्ही ताडून पाहण्याचा साधा उपाय तेथे अधिक उपयोगी पडतो.

या दोघांपुढे ठेवलेल्या यंत्राविषयी, हाती असलेल्या पुराव्यावर, एसएमपीएस दोषी आहे असे म्हणता येत नाही. बोर्डावरची दोन पायऱ्यांची घट किरकोळ आहे, कार्डाकडची घट केबलकडे बोट दाखवते, आणि रिस्टार्टचे कारण क्षणिक उसळी किंवा अपुरा यूपीएस यांपैकी काहीही असू शकते. पहिली चाचणी वीजमर्यादा उतरवून घेण्याची, कारण तिला ना खर्च येतो ना काही हलवावे लागते. मग यूपीएस वगळून यंत्र थेट भिंतीला जोडण्याची. त्यानंतर दोन स्वतंत्र केबलींची. या तिन्हींनंतरही बिघाड टिकला, तरच दुसरा एसएमपीएस आणावा, तोही जुना पुन्हा लावून पाहण्याच्या तयारीने.

संगणकाच्या मालकाने यात एवढे करावे: यंत्र दुरुस्तीला नेण्यापूर्वी आणि एकही कनेक्टर हलवण्यापूर्वी निष्क्रिय व भारित अशा दोन्ही अवस्थांचा लॉग घ्यावा, शक्य असेल तर तो नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर लिहू द्यावा, कारण वीज जाताना शेवटच्या ओळी त्याच यंत्राच्या डिस्कपर्यंत पोहोचतीलच असे नाही, आणि ती फाइल तंत्रज्ञाच्या हाती द्यावी. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही कुतूहलापोटी उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्टपर्यंत डीसी दाब असतो आणि वायर भिंतीतून काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.